बेळगावच्या पाण्यात लाल रोटाला: नवख्यांसाठी पायरीपायरीने

रोटाला मॅक्रांड्रा ही मत्स्यटाकीत पाण्याखाली वाढवायची वनस्पती. ती नीट लागली की तिच्या शेंड्याच्या पानांना डाळिंबाच्या दाण्याचा रंग येतो. डाळिंब, मेंदी, तामण, धायटी ही सगळी तिच्याच कुळातली झाडं. ती स्वतः मूळची दक्षिण भारतातली. तरी आपल्याकडे कित्येक जण तिला परदेशी आणि आपल्या आवाक्याबाहेरची समजून हात लावत नाहीत. काही जण हौसेने पुण्या-बंगळूरहून कुरिअरने मागवतात, पंधरवड्यात ती विरघळून गेली की नाद सोडतात. मग दोष कधी दिव्याला जातो, कधी खताला, कधी स्वतःच्या हाताला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात पहिला संशय घ्यायचा तो पाण्यावर. म्हणून इथे पाण्यावर सगळ्यात जास्त लिहिलंय आणि दिव्यावर थोडक्यात.

ज्यांनी अजून एकही प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत वनस्पतींची मत्स्यटाकी, चालवलेला नाही, त्यांनी आधी चारसहा महिने हायग्रोफिला, व्हॅलिस्नेरिया आणि हिचीच सोशिक बहीण रोटाला रोटुंडिफोलिया वाढवावी. रोटुंडिफोलिया दर महिन्याला छाटावी लागतेय, टाकीत शेवाळ आटोक्यात आहे, असं झालं की मॅक्रांड्राकडे वळायला हरकत नाही.

पहिली पायरी: तुमचं पाणी ओळखा

वनस्पती, दिवा, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर यातलं काहीही घेण्याआधी केएच आणि जीएच मोजायचं थेंबांचं किट घ्या. केएच म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप, जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं. मॅक्रांड्राला केएच ४ च्या आत हवा, १ ते ३ असेल तर उत्तम. जीएच ४ ते ६ ठीक. फक्त टीडीएस मीटरवर विसंबू नका, कारण पाण्यात एकूण किती क्षार आहेत एवढंच तो सांगतो, कोणते ते सांगत नाही.

आपल्या भागात गल्ली बदलली तरी पाणी बदलतं. बेळगाव शहराला राकसकोप जलाशयाचं आणि हिडकल धरणाचं पाणी येतं. राकसकोप मार्कंडेय नदीवर, हिडकल घटप्रभेवर. दोन्ही नद्या पश्चिमेकडच्या पावसाच्या मुलुखातून येतात, त्यामुळे हे पाणी सहसा मऊ असतं. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, तांबडी माती आणि जांभा दगड. तिथल्या विहिरींचं आणि ओढ्यांचं पाणीही बहुतेक मऊच. पूर्वेला उतरलात की काळी जमीन लागते. अथणी, रायबाग, चिकोडीच्या बोअरचं पाणी जड. भांड्यावर पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. ही लक्षणं तुमच्या घरी दिसत असतील तर किट उघडण्याआधीच केएच काय निघणार याचा अंदाज येतो.

जड पाण्यात मॅक्रांड्राचं नेमकं काय बिघडतं? व्हॅलिस्नेरियासारख्या काही वनस्पती बायकार्बोनेटमधूनही कार्बन ओढून घेतात, म्हणून त्या बोअरच्या पाण्यातही माजतात. मॅक्रांड्रा मऊ, किंचित आम्ल पाण्याची वनस्पती. केएच जास्त असला की पीएच वर राहतो, पाण्यातलं लोह तिला मिळण्याआधीच साक्यासारखं खाली बसतं आणि शेंडा आखडतो. अशा पाण्यात खत वाढवत बसलात तर वाढतं ते शेवाळ.

पाणी जड असेल तर ते मऊ पाण्यात मिसळून हलकं करायचं. हिशोब सोपा आहे. बोअरचा केएच १६ आहे आणि पावसाच्या पाण्याचा जवळपास ०, तर एक भाग बोअर आणि तीन भाग पाऊस मिसळलं की केएच ४ होतो. एकास सात धरलं तर २. दोन फुटी टाकीचं आठवड्याचं पाणी बदलायला १५ ते २० लिटर पुरतं, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या एका जारच्या आसपास.

पावसाचं पाणी ही आपल्या भागाची खरी श्रीमंती. जूनचे पहिले जोरदार पाऊस कौलं किंवा गच्ची धुऊन जाऊ द्यावेत, त्यानंतरचं पाणी धरावं. डांबराचा थर दिलेली गच्ची, नुकता रंग मारलेले पत्रे आणि सिमेंटचे जुने पत्रे टाळा. पाणी फडक्यातून गाळून अन्नाच्या वापरासाठीच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरा, झाकण घट्ट लावा आणि ड्रम सावलीत ठेवा. झाकण सैल राहिलं तर डास होतात आणि मग घरच्यांचा विरोध सुरू होतो, तोही रास्तच. दोनशे लिटरचे दोन ड्रम भरले की बोअरमध्ये मिसळून दिवाळीच्या पुढेपर्यंत सहज पुरतात. पुढे आरओचं पाणी वापरावं. घरच्या आरओला चव येण्यासाठी खनिजांचं काडतूस बसवलेलं असतं, म्हणून तेही एकदा किटने तपासा.

निव्वळ पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यावर टाकी चालवायची असेल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वरून द्यावं लागतं. १० लिटर पाण्याला १ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम सल्फेट आणि अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट टाकलं की जीएच चारच्या थोडा वर जातो आणि केएच जागचा हलत नाही. कॅल्शियम सल्फेट हळू विरघळतं, आदल्या रात्रीच पाण्यात टाकून ढवळून ठेवा. शेतात टाकायचा जिप्सम यासाठी नको, त्यात काय काय मिसळलेलं असेल याचा नेम नाही.

नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढा. बादलीत चोवीस तास उघडं ठेवा किंवा क्लोरीन मारायचे थेंब वापरा. आता या पायरीतलं सगळ्यात महत्त्वाचं: एकदा ठरवलेलं पाणी बदलू नका. मॅक्रांड्राला केएच २ चालेल, ४ चालेल, पण या आठवड्यात २ आणि पुढच्या आठवड्यात ८ मुळीच सोसत नाही. उन्हाळ्यात टँकर मागवला आणि ते बोअरचं पाणी निघालं, किंवा नळाला पाणी आलं नाही म्हणून शेजारच्या बोअरवरून भरलं, की पुढच्या दहा दिवसांत शेंडे आखडलेले दिसतात. मार्च संपायच्या आत एक ड्रम फक्त टाकीसाठी भरून बाजूला ठेवलात तर हा प्रसंग येत नाही. पाणी बदलताना प्रत्येक वेळी केएच मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी पायरी: दगड आणि माती

पाणी मऊ करून आणायचं आणि टाकीत चुनखडीचा दगड ठेवायचा, असं अनेक घरांत चाललेलं असतं. शहाबादी फरशी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडकच. घरात उरलेले तुकडे टाकीत टाकायचा मोह होतो, पण ते हळूहळू विरघळून केएच वाढवत राहतात. संगमरवर, शंखशिंपले, पोवळी, काळ्या जमिनीतले पांढरे खडे, सगळ्यांचं तेच. गोकाककडचा वालुकाश्म चालतो. जांभा केएच वाढवत नाही, पण भुसभुशीत तुकडा घेतलात तर त्याचा चुरा होतो, म्हणून टणक बघून घ्या. शंका असेल तर दगडावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका आणि कान जवळ न्या. बुडबुडे आले किंवा चुरचुर ऐकू आली तर तो दगड बाहेर. वाळूलाही हीच परीक्षा द्या.

खाली अंथरायला नवख्याने सरळ ॲक्वासॉईल घ्यावी असं माझं मत आहे. भाजलेल्या मातीचे हे दाणे पाण्याचा केएच थोडा खाली ओढतात आणि मुळाशी खत धरून ठेवतात. मागच्या बाजूला तीन इंच, पुढे दीड इंच असा उतार द्या. नव्या ॲक्वासॉईलमधून पहिले काही आठवडे अमोनिया सुटतो. पहिला आठवडा एक दिवसाआड आणि दुसऱ्या आठवड्यात दोनतीनदा निम्मं पाणी बदला. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय मासे सोडू नका.

खर्च झेपत नसेल तर आपल्याकडे दुसरा मार्ग आहे. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली, केंद्रीय ग्राम कुंभारकला संस्थाही तिथेच आहे. ती तांबडी चिकणमाती लोहाने भरलेली असते. पूर्वी परदेशातले शौकीन टाकीच्या तळाला जांभ्याची पूड मुद्दाम विकत घेऊन घालायचे, ती आपल्या पायाखालीच आहे. मात्र मातीचा सलग थर देऊन वर वाळू टाकू नका. मॅक्रांड्रा पुन्हा पुन्हा उपटून लावावी लागते, आणि दर वेळी खालची माती वर येऊन टाकी गढूळ होते. त्याऐवजी शेणखत न मिसळलेली माती भिजवून बोराएवढ्या गोळ्या वळा, सावलीत कडक वाळवा आणि वाळूत दोन इंच खोल, चारचार इंचांवर खुपसा. वाळूखाली हवा पोचत नाही तिथे मातीतलं लोह विरघळणाऱ्या रूपात येतं आणि मुळं ते उचलतात.

टाकी, फिल्टर, दिवा

दोन फूट लांब, एक फूट रुंद, पंधरा इंच उंच टाकी सुरुवातीला पुरेशी. माती आणि वरची मोकळी जागा वजा केली की निव्वळ पाणी साधारण ५० लिटर राहतं. पुढचे सगळे हिशोब याच मापावर आहेत. टाकी याहून उंच घेतली तर उजेड तळापर्यंत पोचवणं महाग पडतं. फिल्टर तासाला टाकीच्या पाचसहापट पाणी फिरवणारा असावा.

दिवा प्लांटेड टँकसाठी बनवलेला एलईडी घ्या. ‘घ्या की ओ, या दिव्याखाली सगळं लालच दिसतंय,’ असं दुकानात सांगतील, आणि ते खरंही आहे, कारण लाल-निळ्या उजेडात हिरवट पानंसुद्धा तांबूस दिसतात. पानाचा खरा रंग पांढऱ्या उजेडात बघायचा. पहिले तीन आठवडे रोज ६ तास, मग ७, फार तर ८. उजेड पुरतो की नाही हे मीटर नसला तरी कांडीवर कळतं. दोन पेरांमधलं अंतर बोटाच्या रुंदीपेक्षा वाढायला लागलं आणि झाड नुसतं वर पळू लागलं, तर उजेड कमी पडतोय. पेरं जवळजवळ आणि पानं आडवी पसरलेली असतील तर दिव्याला हात लावू नका.

तिसरी पायरी: सीओटू

सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. त्याच्याशिवाय ही वनस्पती जगवता येईल, पण लाल आणि भरदार करता येणार नाही. साखर-यीस्टची बाटली इथे उपयोगाची नाही. तिचा जोर आज एक, उद्या दुसरा, आणि हा चढउतार मॅक्रांड्राला कमी सीओटूपेक्षाही जास्त जाचतो. सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्याचं दाब धरणारं किट बरं. सगळ्यात चांगला सिलिंडर. बेळगावात उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत असल्याने औद्योगिक गॅस भरून देणाऱ्यांकडे चौकशी करता येते. दोन किलोचा सिलिंडर दोन फुटी टाकीला कित्येक महिने पुरतो.

सिलिंडर घेताना त्यावर दाबचाचणीची तारीख कोरलेली आहे का बघा. आग विझवायचा जुना सिलिंडर स्वस्तात मिळाला तर आत नळी आहे का ते विचारल्याशिवाय घेऊ नका. त्या नळीतून द्रवरूप सीओटू वर येतो आणि रेग्युलेटर खराब होतो. सिलिंडर नेहमी उभा, भिंतीला पट्ट्याने बांधून ठेवा. त्यावर रेग्युलेटर, विजेवर उघडझाप होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, गॅस बारीक सोडणारा निडल व्हॉल्व्ह, पाणी उलटं येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह, बुडबुडे मोजायची नळी आणि टाकीत गॅस बारीक बुडबुड्यांनी पाण्यात मिसळणारा डिफ्यूजर, एवढं लागतं.

सीओटू दिव्याच्या आधी दोन तास सुरू करा आणि दिवा बंद होण्याआधी एक तास बंद करा. सुरुवात सेकंदाला एका बुडबुड्याने. टाकीच्या आत काचेला ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी कुपी, चिकटवा. त्यात ४ केएचचं तयार द्रावण आणि निळा दर्शक असतो. दिवा लागतो त्या वेळी त्याच्याकडे बघायची सवय लावा. निळा असेल तर सीओटू कमी, पिवळा असेल तर जास्त, कोवळ्या पोपटी पानाचा रंग आला तर लिटरला साधारण ३० मिलिग्रॅमवर आपण आहोत. रंग बदलायला त्याला तासदोन तास लागतात, म्हणून व्हॉल्व्ह फिरवला की लगेच पुन्हा फिरवू नका. दिवसाला थोडं, असं आठवडाभर जुळवत न्या. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले तर ताबडतोब गॅस बंद करा आणि एअर पंप लावा.

वीज जाते तेव्हा सोलेनॉइड आपोआप बंद होतो, ते चांगलंच. घोळ होतो टायमरचा. फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की तिथेच थांबतो, मग दिवा रोज थोडा उशिरा लागतो आणि चार दिवसांत सगळं वेळापत्रक सरकतं. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, दिव्याला एक आणि गॅसला एक.

चौथी पायरी: वनस्पती कधी आणायची, कशी लावायची

टाकी दीड-दोन महिने रोटुंडिफोलिया आणि हायग्रोफिलावर चालवा, केएच स्थिर झाला, ड्रॉप चेकर रोज पोपटी दिसू लागला, मगच मॅक्रांड्रा मागवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गाडीत पिशवी तापते आणि हातात येते ती चिखल झालेली जुडी.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर असल्याने वर्षातले बरेच महिने टाकीचं पाणी आपसूक २३ ते २७ अंशांत राहतं. तिला नेमकं हेच मानवतं. मुंबईच्या माणसाला यासाठी पाणी थंड करणारा चिलर घ्यावा लागतो. अथणी-रायबागकडे उन्हाळा कडक. तिथे पाण्यावर लहान पंखा लावा, दोनतीन अंश उतरतात. पंख्याने आटलेल्या पाण्याची भर मात्र पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने घाला, कारण आटतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी २० च्या खाली जात असेल तर हीटर २३ वर ठेवा.

मॅक्रांड्राचे बरेच प्रकार मिळतात: अरुंद पानांचे, मिनी, पांढरट रेषांचे. पहिल्यांदा साधा, रुंद पानांचाच घ्या. पाण्याखाली वाढलेल्या कांड्या मिळाल्या तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेल्या कांड्यांची पानं गोलसर, जाड आणि बरीचशी हिरवी असतात. पाण्यात गेल्यावर ती बहुतेक गळतात आणि नवी पानं वेगळ्या रूपात येतात. ते बघून घाबरू नका. आठदहा कांड्यांपेक्षा कमी घेऊ नका, काही जाणारच.

पिशवी उघडल्यावर जुडीभोवतीचा स्पंज आणि शिशाची पट्टी काढून टाका. कांड्या ताटात पाणी घेऊन त्यात मोकळ्या करा. गोगलगाईची चिकट अंडी पानांच्या खालच्या बाजूला असतात, ती ओल्या कापसाने पुसून काढा. आता एकेक कांडी उजेडासमोर धरून बघा. बुडखा काळपट किंवा पारदर्शक झाला असेल तर निरोगी लाल-हिरव्या भागापर्यंत धारदार कात्रीने कापा. खालच्या एका पेरावरची पानं काढा, मुळं तिथूनच फुटतील.

या वनस्पतीची कांडी फार ठिसूळ. बोटाने दाबली तरी आतून फुटते, वरून काही दिसत नाही आणि पाचव्या दिवशी तिथूनच कुजते. लांब चिमटा घ्या, कांडीचा बुडखा चिमट्याच्या पात्यांच्या दिशेने, उभा धरा, आडवा पकडू नका. तिरक्या कोनात दीड इंच खोल खुपसा, चिमटा हलकेच सैल करा आणि थोडा हलवत बाहेर घ्या. दोन कांड्यांत दोन ते तीन सेंटीमीटर अंतर ठेवा. दुकानातल्यासारखी जुडीच्या जुडी लावलीत तर आतल्या कांड्यांना उजेड आणि वाहतं पाणी मिळत नाही, खालची पानं झडतात आणि आठवड्याभरात बुडखे सडतात. जागा मागच्या बाजूची, मध्यावर, दिव्याच्या थेट खाली. शेजारच्या उंच झाडाची सावली नको, फिल्टरची धारही अंगावर नको. पानं हलकी डुलताना दिसली पाहिजेत.

पहिले तीन आठवडे फक्त शेंडा बघा. खालची पानं विरघळतील, ती रोज काढून टाका. शेंड्यावर नवी पानं उलगडत असतील तर झाड लागलं.

पाचवी पायरी: खत

इथे आपण नशीबवान, कारण ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यात राहतो. टाकीला लागणारी बरीच खतं गावातल्या कृषी सेवा केंद्रात असतात. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे शेतकऱ्यांचं तेरा-शून्य-पंचेचाळीस, मोनो पोटॅशियम फॉस्फेट म्हणजे शून्य-बावन्न-चौतीस. शिवाय मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड लोह, म्हणजे खाली न बसता पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या संयुगाने धरून ठेवलेलं लोह. किलोचं पाकीट चारपाच जणांत वाटून घेतलं तरी वर्षानुवर्षं संपत नाही. एकोणीस-एकोणीस-एकोणीस मात्र टाकीजवळ आणू नका. त्यात युरिया आणि अमोनियम असतं, मासे मरतात आणि शेवाळ उसळतं.

तीन वेगळ्या बाटल्यांत द्रावणं करा, प्रत्येकी ५०० मिली आरओच्या पाण्यात. पहिलीत ५० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, दुसरीत ५ ग्रॅम मोनो पोटॅशियम फॉस्फेट, तिसरीत ५ ग्रॅम ११ टक्क्यांचं डीटीपीए लोह. डीटीपीए आणि ईडीटीए ही लोह धरून ठेवणाऱ्या संयुगांची नावं, पाकिटावर लिहिलेली असतात. ईडीटीए लोह स्वस्त असतं, पण पीएच साडेसहाच्या वर गेला की लवकर तुटतं, म्हणून डीटीपीए शोधा. सोमवार, बुधवार, शुक्रवारी पहिल्या दोन बाटल्यांतलं २-२ मिली द्या. मंगळवार, गुरुवार, शनिवारी लोहाचं ४ मिली द्या. फॉस्फेट आणि लोह एका बाटलीत किंवा एकाच वेळी दिलं तर दोन्ही एकमेकांना धरून खाली बसतात. ५० लिटरच्या टाकीला यातून आठवड्याला लिटरमागे साधारण ७ मिलिग्रॅम नायट्रेट, पाऊण मिलिग्रॅमच्या थोडं वर फॉस्फेट आणि पाव मिलिग्रॅम लोह मिळतं. नवी ॲक्वासॉईल असेल तर पहिला महिना फक्त लोह द्या, मग बाकीचं निम्म्याने सुरू करा.

बाकी सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी मत्स्यटाकीचीच तयार बाटली घ्या आणि लेबलवरच्या निम्म्या मापाने द्या. शेतीच्या मिश्रणात तांबं आणि जस्त बरंच असतं, कोळंब्या त्याने मरतात. बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहा, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा आणि शीतपेयाच्या बाटलीत खत कधीच भरू नका.

रंगाबद्दल एक गोष्ट सगळे ऐकून असतात: नायट्रेट कमी ठेवलं की लाली चढते. खरं आहे, नायट्रोजन जरा आखडता मिळाला आणि उजेड भरपूर असला की पानात लाल रंगद्रव्य जास्त साठतं. पण हा प्रयोग झाड लागल्यानंतरचा. नवख्या हाताने आधीच उपाशी ठेवलं तर लालीसोबत वाढही थांबते. पाण्यात नायट्रेट लिटरला ५ ते १० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवा, रंग पुरेसा येतो.

दर आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदला, तेच ठरलेलं मिश्रण, तोच केएच, टाकीच्या पाण्याशी तापमान जुळवून. मासे थोडेच ठेवा, लहान रासबोरा किंवा टेट्रा. गोल्डफिश आणि मोठे बार्ब कोवळे शेंडे खाऊन टाकतात.

झाड काय सांगतंय

शेंडा बारीक झाला, पानं सुरकुतली, वाढ थबकली, तर खताच्या बाटलीकडे जाऊ नका. आधी केएच मोजा आणि वहीतल्या मागच्या आकड्याशी ताडून बघा, मग ड्रॉप चेकर. या वनस्पतीत बहुतेक दुखणी या दोन ठिकाणीच सापडतात. नवीन पानं फिकट, जवळजवळ पांढरट येत असतील तर लोह कमी. खालची जुनी पानं पिवळी पडून गळत असतील आणि झाडात उजेड पोचत असेल, तर नायट्रोजन कमी. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडत असतील तर पोटॅशियम. कडांवर काळं केसाळ शेवाळ आलं तर सीओटू वरखाली होतोय. बुडखा सडून झाड वर तरंगत आलं तर गर्दी झालीय, किंवा लावताना कांडी दबली असेल.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दहा दिवस थांबा. आधीची बिघडलेली पानं सुधारत नाहीत, फक्त नव्याने येणारं पान बघून निर्णय घ्या.

छाटणी

शेंडे पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन इंचांवर आले की कात्री घ्या. वरचा चारपाच इंचांचा भाग कापा, जुना बुडखा उपटून टाका आणि त्या जागी नवा शेंडा लावा. जुन्या बुडख्याला पेरातून फुटवे येतात, पण ते बारीक असतात आणि त्यांना रंग धरायला वेळ लागतो. कांड्या कमी असतील तोवर बुडखे ठेवा, घोळका भरला की शेंडेच लावत जा. सगळा घोळका एका दिवशी छाटू नका. आज निम्मा, पुढच्या आठवड्यात निम्मा. एकदम सगळी पानं गेली तर पाण्यातलं खत उचलायला कोणी उरत नाही आणि शेवाळाला मोकळं रान मिळतं.

छाटलेल्या कांड्या विहिरीत, तळ्यात, ओढ्यात टाकू नका. त्यांच्यासोबत टाकीतली गोगलगाय आणि इतर बाहेरच्या वनस्पतींचे तुकडेही तिथे जातात. कोणाला द्यायच्या असतील तर झिप पिशवीत दोन चमचे पाणी आणि बाकी हवा ठेवून कांड्या सैल ठेवा, आणि पिशवीवर तुमच्या टाकीचा केएच लिहून द्या. घेणाऱ्याचं पाणी त्याहून जड असेल तर त्याला आधी पाणी मिसळून तयार करायला सांगा आणि पिशवी त्यानंतर न्यायला बोलवा.